मडगावात संघ टिकतो, पुण्यात का नाही? आपलं शहर फुटबॉलला पेलेल का, हे तपासण्याची रीत

२०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची वस्ती ३१ लाखांच्या वर होती. मडगाव लाखाच्याही आत. तरी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा उभा राहिलेला एफसी गोवा मडगावच्या फातोर्डा मैदानावर अजून खेळतो आहे, आणि त्याच वर्षी जन्मलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडून त्याची जागा हैदराबादला गेली. पुण्याचा तो एकच संघ गेला असं नाही. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली सर्वांत वरची लीग) दुसरा आला होता, २०१५ मध्ये तो थांबला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. एका शहरातून दहा-बारा वर्षांत चार संघ गेले. तेव्हा ‘मोठं शहर, मोठा संघ’ हे गणित आधी डोक्यातून काढून टाका.

संघ कुठे असेल हे प्रेक्षक ठरवत नाहीत, दरवर्षीचा तोटा भरणारा ठरवतो. तो तोटा किती वर्षं भरत राहील, एवढंच प्रेक्षकांच्या हातात असतं. खालची सगळी तपासणी या एका गोष्टीभोवती फिरते. उदाहरण म्हणून कोल्हापूर धरलं आहे, कारण महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारं गाव कुठलं म्हटलं की हेच नाव येतं, आणि तरी तिथे देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळणारा संघ नाही. सांगली, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कुठलंही गाव याच रीतीनं तपासता येईल.

आधी नाव बाजूला ठेवा, घर शोधा

नकाशावर संघांची नावं बघून निष्कर्ष काढू नका. संघाच्या नावात जे गाव असतं तिथे तो खेळतोच असं नाही. पंजाब एफसी २०२३ मध्ये आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये चढला, पण घरचे सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर खेळला. इंटर काशीचं नाव वाराणसीचं, पण आय-लीगमधलं घर पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत. नॉर्थईस्ट युनायटेडच्या नावात तर आख्खी आठ राज्यं मावतात. म्हणून आधी तीन रकाने आखा: नावातलं गाव, घरचे सामने होतात ते मैदान, आणि खेळाडू रोज सराव करतात ती जागा. तिन्ही एका गावात असतील तर संघ तिथे खरंच रुजला आहे. तिन्ही वेगळ्या गावी असतील तर तो भाडेकरू आहे, उद्या गाठोडं बांधून जाऊ शकतो.

मग लीग उघडी की बंद, हे बघा. उघड्या लीगमध्ये खालून जिंकत वर चढता येतं. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ मध्ये बारा संघांनी सुरू झाली, त्यातले सहा लँकाशायरचे आणि सहा मिडलँड्सचे. लंडनचा एकही नव्हता. कापडगिरण्या आणि लोखंडाचे कारखाने, शनिवारी दुपारी सुट्टी मिळालेला पगारदार कामगार, आणि एका दिवसात जाऊन-येऊन होईल अशी रेल्वे जिथे होती तिथे संघ होते. पुढे बाकीची गावं जिंकत जिंकत आत आली. बंद लीगमध्ये मात्र जागा विकत घ्यावी लागते आणि गाव कोणतं हे टेबलावर ठरतं. आयएसएलची सुरुवात अशीच झाली: आठ जागा, आठ शहरं. अशा लीगमध्ये गावाला खेळाचा इतिहास आहे की नाही हा प्रश्न दुय्यम होतो, जागा घेणारा त्या गावासाठी उभा राहतो का हा पहिला. आता आय-लीगचा विजेता वर चढू शकतो, पंजाबनंतर मोहम्मेडन स्पोर्टिंगही तसाच चढला, पण दार अजून अरुंदच आहे.

तोटा कोण भरणार?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकी सगळं जुळलं आणि हे जमलं नाही तर संघ दोन-तीन हंगामांत जातो.

भारतात आजवर तोटा भरणारे चार प्रकारचे दिसतात, आणि प्रत्येकाची मोडण्याची तऱ्हा वेगळी आहे.

पहिला प्रकार खाणमालक-गिरणीमालकांचा. साळगावकर, धेंपे, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा असे चार-चार संघ एवढ्याशा गोव्यानं पोसले, कारण खाणी आणि जहाजांचा पैसा गोव्यात होता आणि मालकही तिथेच राहत होता. रविवारी चर्चबाहेर किंवा बाजारात लोक त्याला कालच्या सामन्याबद्दल विचारू शकत होते. ही लाज फार कामाची असते. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी मिलनं तेच केलं, १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकली. पण धंद्याला खोकला झाला की संघाला ताप येतो. जेसीटीनं २०११ मध्ये संघ बंद केला. गोव्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं खाणी थांबल्या, आणि २०१६ मध्ये देशातल्या लीगच्या नव्या आराखड्याला विरोध करत धेंपे, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. तरी गाव रिकामं झालं नाही, कारण तोवर दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपे हे एफसी गोवाच्या पहिल्या मालकमंडळात आलेले होते. म्हणजे मडगावात टिकलं ते काय? घराण्यांची सवय.

दुसरा प्रकार मुंबईचा, नोकरी देणाऱ्या कंपन्यांचा. खेळाडू कागदावर कर्मचारी, दुपारनंतर मैदानावर. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ गुंडाळला. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ मध्ये परवान्याच्या अटींवर आय-लीगमधून बाहेर गेले, कारण कंपनीचं एखादं खातं म्हणजे स्वतंत्र क्लब नव्हे. हा प्रकार आता व्यावसायिक फुटबॉलच्या कामाचा उरलेला नाही. कोणी ‘आमच्या साखर कारखान्यात पोरांना चिकटवून घेऊ, ते खेळतील’ म्हणालं तर चांगला जिल्हा संघ होईल, व्यावसायिक क्लब नाही.

तिसरा, एका कंपनीचं गाव. जमशेदपूरला टाटा स्टीलचं मैदान आहे, १९८७ पासून टाटा फुटबॉल अकादमी आहे, आणि २०१७ पासून आयएसएलमधला संघ आहे. तोटा कंपनीच्या एकूण हिशेबात जाणवतही नाही. चौथा, सरकार. २०१९ मध्ये दिल्ली डायनॅमोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला, त्यामागे राज्य सरकारचा हात आणि कलिंगा स्टेडियम होतं. सरकार बदललं की काय, हा प्रश्न अशा गावानं करारावर सही करण्याआधी विचारायचा.

कोलकाता या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. मोहन बागान १८८९, मोहम्मेडन १८९१, ईस्ट बंगाल १९२०. हे क्लब मालकाच्या आधी सभासदांचे होते. मालक येतात-जातात, भांडणं होतात, नावापुढे कंपनीचं नाव लागतं आणि निघतं, पण क्लब कोलकात्यातून उचलून दुसरीकडे न्यायची भाषा कोणी करत नाही.

आपल्या गावातल्या संभाव्य मालकाला भेटाल तेव्हा हे पाच प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी मागा.

तुमच्या धंद्याचं गिऱ्हाईक याच भागात आहे का? दूध, बँक, बांधकाम, शाळा-महाविद्यालयं यांना गावातली सदिच्छा उपयोगाची असते. निर्यात करणाऱ्या फौंड्रीला गावात नाव झालं काय, न झालं काय, फरक पडत नाही.

संघाचा खर्च जाहिरातीच्या खात्यातून येणार की मालकाच्या खिशातून? जाहिरातीचा पैसा पहिल्या मंदीत कापला जातो.

तीन वर्षांचा पैसा आज बाजूला काढता का? बँक हमी देणार असाल तरच पुढचं बोलू.

निर्णय घेणारा माणूस कुठे राहतो? पुणे एफसीचा मालक समूह मुंबईचा होता. पण नुसतं स्थानिक असणं पुरेसं नाही, हेही लक्षात ठेवा: भारत एफसीमागे पुण्याचाच मोठा उद्योगसमूह होता आणि तरी तो एका हंगामापुरता राहिला.

आणि शेवटचा: लीगच अडकली तर? २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला, नवा झाला नाही, आणि आयएसएलचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. सामने नसतानाही पगार द्यावेच लागतात. मालकानं या प्रश्नावर ‘बघू’ म्हटलं तर चहा पिऊन उठा.

आता आकडे मांडा

खाली धरलेले दर उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे घाला. रीत तीच राहील.

समजा तुम्ही खालच्या राष्ट्रीय लीगसाठी संघ उभा करता आहात. २५ खेळाडू, सरासरी महिना २५,००० रुपये, आठ महिने: ५० लाख. बाहेरचे आठ दौरे, प्रत्येकी २५ माणसं (१८ खेळाडू, ७ कर्मचारी), जाऊन-येऊन माणशी १२,००० रुपये: २४ लाख. मुक्काम दोन रात्री, १३ खोल्या, खोलीला ३,०००: दौऱ्याला ७८,०००, आठ दौऱ्यांचे ६ लाख २४ हजार. इथवरच ८० लाख झाले. प्रशिक्षक, फिजिओ, विमा, सरावाचं मैदान, जेवण, किट, कनिष्ठ संघ, काहीच अजून धरलेलं नाही.

आता जमेची बाजू. घरचे आठ सामने, प्रत्येकाला १०,००० माणसं, तिकीट ५० रुपये: ४० लाख. म्हणजे स्टेडियम फुल्ल भरूनही पगारसुद्धा निघत नाही. तिकीट २०० करा म्हणाल, तर ५० ला येणारे किती २०० ला येतील हे आधी शोधा.

वरच्या पातळीवर दरी आणखी रुंद होते. सात हजारांचं मैदान, २०० रुपये तिकीट, घरचे बारा सामने, सगळे हाऊसफुल: १ कोटी ६८ लाख. आणि आयएसएलनं खेळाडूंच्या पगारावर घातलेली मर्यादाच काही हंगाम १६.५ कोटी होती. मुंबई सिटीचं अंधेरीतलं मैदान साधारण सात-आठ हजारांचंच आहे. तिकिटावर संघ चालत नाही. उरलेलं मालक, प्रायोजक, प्रक्षेपणाचा वाटा आणि खेळाडूविक्री यांतून यावं लागतं, आणि यातली फक्त शेवटची गोष्ट गावाच्या हातात असते.

या हिशेबात नेहमी होणाऱ्या चुका दोन. एक म्हणजे फुकट पासांवर आलेली गर्दी उत्पन्नात धरणं. दुसरी, पहिल्या हंगामाचा उत्साह कायमचा समजणं. तिसऱ्या वर्षी, सलग तीन पराभवांनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी किती माणसं येतील, तो आकडा धरा.

मैदान: टेप, पेचकस आणि बादली घेऊन जा

मैदान आहे, एवढ्यावर थांबू नका. प्रत्यक्ष जा.

खेळपट्टी १०५ बाय ६८ मीटर बसली पाहिजे, आणि रेषेबाहेर गवताचा पट्टा सोडून एकूण साधारण १२० बाय ८० मीटर सपाट जागा लागते. टेप लावा. जुन्या स्टेडियममध्ये लांबी पुरते, कोपऱ्यात कॉर्नर घेणाऱ्याला धाव घ्यायला जागा नसते.

मग दोन्ही गोलपोस्टच्या समोर, सहा यार्डांच्या चौकोनात उभे राहा. गवत सगळ्यात आधी तिथेच मरतं. लांब पेचकस जमिनीत दाबा. हाताच्या जोरानं बोटभर आत गेला तर माती श्वास घेते आहे. टोकावर अडला तर खाली थर दबून दगड झालाय, त्याला यंत्रानं भोकं पाडून वाळू भरावी लागेल. तिथेच एक बादली पाणी ओता आणि घड्याळ लावा. पाच-दहा मिनिटांनी तळं तसंच असेल तर वरून कितीही हिरवं दिसो, पहिल्या अवकाळी पावसात सामना वाहून जाणार. कोल्हापूर, कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यात ही चाचणी सोडू नका.

नैसर्गिक गवत आठवड्याला दोन, फार तर तीन सामने सोसतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हंगामात एका दुपारी दोन-दोन सामने होतात, कारण केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचा सगळा भार त्याच एका मैदानावर आहे. त्यावर व्यावसायिक संघाचे सामने आणि रोजचा सराव टाकलात तर फेब्रुवारीपर्यंत गोलसमोर नुसती लाल माती उरेल. म्हणून दुसरं मैदान लागतंच, निदान सरावापुरतं, आणि ते बसनं अर्ध्या तासाच्या आत.

दिव्यांसाठी लक्समीटर घ्या. दोन्ही पेनल्टी स्पॉट, मध्यबिंदू आणि चारही कोपरे इथे मोजणी करा. सरावाला साधारण २०० लक्स चालतो. टीव्हीवर थेट दाखवायचं असेल तर हजाराच्या वर, आणि सगळीकडे सारखा. मध्ये लख्ख आणि कोपरे काळोखे, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. दिवे नसले तर सामना दुपारी चारला, म्हणजे नोकरदार बाहेर.

यानंतरचा प्रश्न मोजपट्टीनं सुटत नाही: तारखा कोणाच्या हातात? मैदान महापालिकेचं किंवा क्रीडा खात्याचं असेल तर सभा, संगीत रजनी, शालेय स्पर्धा, पोलीस भरती यांच्या रांगेत तुम्ही उभे. क्रिकेटचं मैदान असेल तर तुम्ही पाहुणे. मुंबई सिटी पहिले दोन हंगाम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला, २०१६ मध्ये अंधेरीला आला. अंधेरीचं मैदान लहान, पण फुटबॉलचं आणि लोकलच्या आवाक्यातलं. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी शहराच्या टोकाला उभं राहिलं. प्रेक्षक आणि खेळपट्टी यांच्या मध्ये धावपट्टी आहे, आणि हडपसरच्या माणसाला संध्याकाळी तिथे पोचायचं म्हणजे सामन्यापेक्षा प्रवास मोठा. असं मैदान आवाज गिळतं. गर्दी आहे पण जाणवत नाही, आणि जाणवत नाही म्हणून पुढच्या वेळी येत नाही. करारात घरच्या सामन्यांच्या तारखा, सामन्याआधी चोवीस तास मैदान रिकामं, आणि इतर कार्यक्रमांमुळे गवताचं नुकसान झालं तर भरपाई, ही तीन कलमं नसतील तर सही करू नका.

प्रेक्षक मोजायचे, पण कोणते?

गर्दीपेक्षा सवय बघा. कोलकात्यात १३ जुलै १९९७ ला फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला साल्ट लेकवर सव्वा लाखाच्या वर माणसं होती. ती मोहन बागान आणि ईस्ट बंगालला बघायला आली होती, फुटबॉल नावाच्या अमूर्त खेळाला नाही. घोटी (मूळचे पश्चिम बंगालचे, मोहन बागानचे) विरुद्ध बांगाल (पूर्व बंगालमधून आलेले, ईस्ट बंगालचे), चिंगरी म्हणजे कोळंबी विरुद्ध इलिश मासा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना शहरात आपलं म्हणायला एक लाल-पिवळा रंग मिळाला. आपला संघ कोणता हे कळायला समोर दुसऱ्याचा संघ लागतो, आणि तो जितका जवळचा तितकं बरं.

नेमकी इथे कोल्हापूरची गोष्ट अवघड होते. गर्दी आहे, खुन्नस आहे, पिढ्यांची सवय आहे. पेठापेठांतल्या तालमींचे आणि मंडळांचे संघ आहेत: पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार, फुलेवाडी. पण हे सगळं वैर गावाच्या आत आहे. पेठेचं आहे. आजोबा ज्या तालमीचे, नातू त्याच तालमीचा. आता यांच्या डोक्यावर ‘कोल्हापूर एफसी’ नावाचा एक संघ ठेवलात आणि पाटाकडील व दिलबहारच्या सपोर्टरला एका स्टँडमध्ये एकाच रंगाचा शर्ट घालून बसवलंत, तर ते बसतील का? गोव्यातही हा पेच होता: धेंपेचा माणूस आणि साळगावकरचा माणूस एफसी गोवाचा झाला. पण तिथे जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडल्यावर मोकळी जागा उरली होती. कोल्हापुरात तालमी जोमात आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात.

चाचणी अशी घ्या. दोन तालमींचा मिळून एक संघ करून बाहेरच्या चांगल्या संघाशी तीन सामने ठेवा, तिकीट लावून. एकही फुकट पास नाही. पहिल्या सामन्याचा आकडा फेकून द्या, तो कुतूहलाचा असतो. तिसऱ्याचा धरा. शिवाय फाटकावर उभं राहून तीन गोष्टी वहीत टिपा: बायका आणि लहान मुलं किती, सामना सुरू व्हायच्या आधी किती जण आत आले, आणि पंचांच्या निर्णयावर बाटल्या किती उडाल्या. हाणामारीची भीती असलेल्या मैदानावर कुटुंबं येत नाहीत, प्रायोजक तर त्याहून आधी पळतात.

केरळातलं उदाहरण इथे जास्त जवळचं वाटतं. मलबारमध्ये सात-सात खेळाडूंच्या ‘सेव्हन्स’ स्पर्धांना बांबूच्या तात्पुरत्या गॅलऱ्या बांधून वर्षानुवर्षं गर्दी होत आली. ती गर्दी असूनही मलप्पुरमला स्वतःच्या नावाचा व्यावसायिक क्लब मिळायला २०२४ उजाडलं, आणि तो मिळाला तो सहा संघांच्या राज्य लीगमधून, सुपर लीग केरळातून. शेजारी कालिकत, त्रिशूर, कन्नूर. म्हणजे प्रतिस्पर्धी बसच्या अंतरावर. एकटा संघ राष्ट्रीय लीगमध्ये फेकण्यापेक्षा कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई, नागपूर अशी लीग आधी उभी करणं जास्त शहाणपणाचं, हे आमचं स्पष्ट मत. तेव्हाच तालमींच्या डोक्यावर ‘कोल्हापूर’ ठेवायला समोर ‘पुणे’ असेल, आणि पुण्याशी लढायचं म्हटल्यावर पाटाकडील-दिलबहार एका बाकावर बसायला तयार होतील, अशी आशा धरायला जागा आहे.

खेळाडू कुठून?

चांगले खेळाडू निपजतात तिथे संघ उभा राहतोच असं नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुढचं सगळं करिअर त्यानं बाहेरच्या क्लबांसाठी खेळून केलं, कारण घरी चढायला शिडी नव्हती. उलट आयझॉलची वस्ती २०११ मध्ये तीन लाखांच्या आत होती, कोल्हापूरच्या साडेपाच लाखांच्या जवळपास निम्मी, आणि तरी आयझॉल एफसीनं २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. स्वस्तात, मोठ्या प्रमाणावर स्थानिक पोरांच्या बळावर. मात्र पुढच्याच हंगामांत त्यातले बरेच जण मोठ्या क्लबांकडे गेले. लहान गावानं हे आधीच मान्य करावं आणि करारात हस्तांतरणाची रक्कम लिहून घ्यावी. तालमींचा तोंडी व्यवहार इथे चालत नाही. लेखी करार नसलेला खेळाडू हंगाम संपला की फुकट जातो.

परवाना आणि शिडी

आशियाई महासंघाच्या पद्धतीवर आधारलेली क्लब परवान्याची चौकट भारतात लागू आहे. निकष पाच गटांत: खेळविषयक, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर, आर्थिक. ‘अ’ दर्जाचा निकष चुकला तर परवाना नाही. ‘ब’ चुकला तर दंड किंवा इतर कारवाई. ‘क’ म्हणजे पाळलं तर उत्तम. नव्या क्लबांचा पाय बहुतेक वेळा तीन जागी अडकतो: वयोगटांचे संघ कागदावरच असतात, हिशेब लेखापरीक्षित नसतात, आणि क्लबची स्वतंत्र कायदेशीर नोंदणी नसते. तरुण मंडळाची धर्मादाय नोंदणी आणि व्यावसायिक क्लबची कंपनी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मंडळाचं नाव वापरायचं असेल तर मंडळाच्या सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, नाहीतर पहिल्या बक्षिसाच्या रकमेवरून कोर्टाची पायरी ठरलेली.

शिडी खालून अशी: जिल्ह्याची लीग (कोल्हापुरात केएसए), मग राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची राज्य लीग, तिथून शिफारस झाली तर आय-लीग तीन, मग दोन, मग आय-लीग, मग आयएसएल. लीगांची नावं बदलत राहतात, पायऱ्यांचा क्रम ताज्या परिपत्रकात बघून घ्या. दुसरा रस्ता बोलीचा, पैसे भरून थेट मध्ये शिरायचा. इंटर काशी तसाच आला. पैसा असेल तर तो झटपट आहे, पण मग मैदान, कनिष्ठ संघ आणि प्रेक्षक हे तिन्ही एकाच वर्षात उभे करावे लागतात.

कोल्हापूरचा कागद

तर तपासणी लावून बघू. सवय: पैकीच्या पैकी. खेळाडू: चांगले, पण गळती मोठी. अंतर: पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, गोवाही तेवढंच, बसनं जमतं, पण ईशान्य भारतात जायचं म्हणजे मोठ्या शहरात विमान बदलत लांबचा प्रवास. मैदान: एकच, आणि थकलेलं. मालक: साखर, दूध, फौंड्री, शिक्षणसंस्था, पैसा आहे, तीन वर्षांची हमी लिहून देणारा पुढे यायचा आहे. नाव: न सुटलेलं.

या क्रमानं काम करायचं झालं तर पहिल्या वर्षी संघ काढूच नका. तालमींच्या प्रतिनिधींची समिती करून तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालचे तीन सामायिक संघ सुरू करा, कारण पोरांच्या संघात पेठेचा रंग सगळ्यात लवकर विरघळतो. गावाबाहेर सरावाची एक खेळपट्टी भाड्यानं घ्या, किमान पाच वर्षांच्या नोंदणीकृत करारावर, आणि पावसाळ्याच्या आधी तिचा निचरा करून घ्या: दर पाच-सहा मीटरवर चर, त्यात छिद्रांचा पाईप, वर खडी, वर वाळू. हे काम मे महिन्यात सुरू केलं तर उशीर झालाच म्हणून समजा. जानेवारीत कंत्राट, मार्चअखेर चर बुजलेले, एप्रिलमध्ये गवताची लावणी, म्हणजे जूनच्या पहिल्या सरीआधी मुळं धरतात.